पणजोबांच्या वहीतलं 'गेली' आणि 'आली'

बडोद्यातल्या कुठल्याही जुन्या मराठी घरात जा, पणजोबा 'सरकारात मोठ्या हुद्द्यावर' असतातच. आमचेही होते. वसुली अधिकारी! पुरावा म्हणजे त्यांची मोडीतली एक वही. पेटलाद, पाटण, नवसारी, अमरेली अशी गावं, प्रत्येकापुढे 'पे.' आणि एक आकडा, शेवटी 'गेली' किंवा 'आली'. काय गेली, काय आली? रक्कम, दुसरं काय! 'पे.' म्हणजे पेढी. तीन पिढ्या आम्ही हेच सांगत आलो.

गेल्या वर्षी मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीची माहिती काढायला बसलो. १९३१ ची ती इमारत, आतली लोखंडी कपाटं, काचेच्या लाद्या, हे आम्ही लहानपणापासून पाहिलेलं. पण लायब्ररीची गोष्ट इमारतीच्या आधीची आहे. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मग शिकलेल्या माणसांनी पुढे वाचायचं काय? म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावलं आणि ग्रंथालय खातं उभं राहिलं. त्यातच फिरती ग्रंथालयं निघाली. पुस्तकं लाकडी पेटीत भरायची, पेटी गावाला पाठवायची, वाचून झाली की ती परत यायची आणि दुसरी निघायची. वाहतुकीचा खर्च सरकारचा.

पेटी! मी उठून वही काढली. 'पे.' म्हणजे पेढी नव्हे, पेटी. गेली तीही पेटी, आली तीही पेटी. पणजोबा वसुली अधिकारी नव्हते. ते पेट्यांची नोंद ठेवणारे कारकून होते.

घरात हे कोणालाच आवडलं नाही. आत्या म्हणाली, "अधिकाऱ्याचा कारकून करून ठेवलास. निदान फेसबुकवर तरी लिहू नकोस." आत्या, माफ कर, लिहितोय.

कारण मला वाटतं, आपण बाहेर स्थायिक झालेल्या मराठी घरांनी पूर्वजांना बढत्या देणं आता थांबवावं. सगळेच सरदार, दिवाण, सुभे असतील तर राज्य चालवलं कोणी? बडोदा राज्य १९४९ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झालं, हुद्दे तेव्हाच संपले. पण त्या कारकुनांनी केलेलं काम गावागावांत मुरलंय. वसुली अधिकारी आला तर गाव दारं लावून घेत असेल. पेटी आली तर कोणीतरी स्टेशनवर घ्यायला जात असेल. मला दुसऱ्याचा पणतू व्हायला जास्त आवडेल.

आणि एक सांगतो. आमची वही दोनदा रद्दीत जाता जाता वाचली, तीही 'मोठ्या हुद्द्या'चा पुरावा म्हणून. कारकुनाची वही आहे हे आधी कळलं असतं तर आम्हीच ती विकली असती. याची मला खरी लाज वाटते.

तुमच्याकडे अशी मोडीतली वही, पगाराचा कागद, खात्याचा बिल्ला असेल तर फोटो काढून ठेवा, मोडी जाणणाऱ्याला दाखवा. मग ज्या इमारतीत ते माणूस रोज जायचं, तिचा इतिहास वाचा. आजोबांचा हुद्दा घटेल कदाचित. पण ते दिवसभर काय करत होते, हे तरी कळेल.