राखीला सूट, मग चष्म्याला का नाही?

परदेशातून येणाऱ्या पार्सलांच्या नियमांत एक फार गोड अपवाद आहे. डिसेंबर २०१९ मध्ये केंद्र सरकारने आदेश काढला आणि पोस्टाने किंवा कुरिअरने 'भेट' म्हणून बिनशुल्क येणाऱ्या वस्तू बंद केल्या. त्याआधी पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीला शुल्क लागत नसे. नव्या आदेशात अपवाद दोनच ठेवले: जीव वाचवणारी औषधं आणि राखी. राखीसुद्धा नुसती बरं का, तिच्याबरोबर येणाऱ्या भेटवस्तू नाहीत! बाकी सगळ्या भेटी आजही येऊ शकतात, पण पूर्ण शुल्क भरून. (आमच्या पिढीच्या तोंडी अजून 'जकात'च येते. असो.)

राखीला सूट मिळाली याचा मला आनंदच आहे. पण त्या यादीत आणखी एक वस्तू असायला हवी होती असं माझं ठाम मत आहे. ती म्हणजे लहान मुलांचा संरक्षक चष्मा. नंबरचा नव्हे, मार लागू नये म्हणून घालायचा.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते सांगते. आमच्या भंडारदऱ्याकडे शेंडी, राजूर या भागात भात हेच मुख्य पीक. दिवाळीच्या सुमारास कापणी, झोडणी सुरू झाली की खळ्यावर मुलंबाळं असतातच. भाताचं कुसळ डोळ्यात जातं, मूल डोळा चोळतं, घरचे पदराची वाफ देतात. चार दिवसांनी डोळा लाल होऊन पू येतो, मग धावाधाव. तोवर बुबुळावर फूल पडलेलं असतं. शाळेत असताना मी विटी-दांडूच्या विटीने फुटलेला डोळाही पाहिला आहे. शेतातलं कुसळ काय, उडालेली विटी काय, बाण, फटाका, पेन्सिलीचं टोक काय... इजेला अर्धा क्षण पुरतो. ऑक्टोबर २०२५ च्या दिवाळीत भोपाळ आणि आसपासच्या भागात 'कार्बाइड गन' नावाच्या खेळण्याने शंभराहून जास्त मुलांचे डोळे दुखावले, ते आपण सगळ्यांनी वाचलंच.

आमच्या शेजारची आठ वर्षांची मुलगी अशीच. कुसळाने एक डोळा अधू झाला. नाशिकच्या डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं, "आता दुसरा डोळा हीच हिची सगळी पुंजी. त्याला नंबर नसला तरी चष्मा कायम हवा. काच नको, पॉलिकार्बोनेटची भिंगं हवीत." कारण साधं आहे. काच किंवा हलकं प्लॅस्टिक फुटून त्याचेच तुकडे डोळ्यात जातात, पॉलिकार्बोनेट सहजी फुटत नाही.

चष्मा शोधायला निघालो तर दुकानांत मिळाले ते वेल्डिंगवाल्यांचे नाहीतर कारखान्यातले, मोठ्या माणसांच्या मापाचे. तिच्या नाकावरून घसरत होते. सैल चष्मा म्हणजे डोक्याला हेल्मेट लावून पट्टा न बांधण्यासारखं. शेवटी अमेरिकेतल्या माझ्या भाचीला सांगितलं. तिकडे अशा चष्म्याच्या चौकटीवर 'झेड ८७' असा शिक्का असतो. खेळासाठीच्या चष्म्यांचा दर्जा वेगळा, 'एफ ८०३' नावाचा. युरोपात 'ईएन १६६' हा शिक्का दिसतो. आपल्याकडेही डोळ्यांच्या संरक्षक साधनांसाठी 'आयएस ५९८३' हे भारतीय मानक आहे, पण दुकानातला माल बहुतेक कामगारांसाठी बनलेला. तिसरीतल्या मुलीच्या मापाचा शिक्केवाला चष्मा हा खरा प्रश्न.

भाचीने पाठवला. मग मोबाइलवर निरोप आला, ओळखपत्र द्या, बिल द्या, शुल्क भरा. समोरचा माणूस सभ्यपणे बोलला, नियमाप्रमाणेच वागला. माझं भांडण त्याच्याशी नाही, नियमाशी आहे.

ते कसं, ते पाहा. आपण स्वतःसाठी परदेशातून मागवलेल्या वस्तूंना सीमाशुल्काच्या यादीत ९८०४ हा एकच खण आहे. त्यात अत्तर, पायताण, खेळणं, चष्मा सगळं एकत्र. औषधांना वेगळा, कमी दर आहे, बाकी सगळं एका मापाने. आणि आकारणी फक्त वस्तूच्या किमतीवर होत नाही, पाठवण्याचा खर्चही तीत धरतात. हलक्या चष्म्याला विमानाचं भाडं जड, आणि त्या भाड्यावरही शुल्क!

अलीकडे दर उतरलेत, हे खरं. २२ सप्टेंबर २०२५ पासून या खणावरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २०२६ च्या अर्थसंकल्पात सीमाशुल्कही २० वरून १० टक्के करण्याची घोषणा झाली. त्याबद्दल धन्यवाद म्हणायलाच हवेत. पण त्याच सप्टेंबरात देशातल्या दुकानात काय झालं ते बघा. नंबरच्या चष्म्यावरचा जीएसटी ५ टक्के झाला, आणि बिननंबरच्या गॉगलवर १८ टक्केच राहिला. म्हणजे नजर अधू झाल्यावर लागणारा चष्मा गरजेचा, आणि ती अधू होऊ नये म्हणून घालायचा चष्मा समुद्रकिनाऱ्यावर मिरवायच्या गॉगलच्या पंगतीला! आमच्या शेजारणीच्या मुलीचा उरलेला डोळा निरोगी आहे, हाच तिचा गुन्हा झाला.

कुणी म्हणेल, सूट दिली की लबाड माणसं घुसतात. बरोबर आहे. विक्रीचा माल 'भेट' म्हणून दाखवून आणला जात होता, म्हणून तर २०१९ चा आदेश निघाला. पण चष्म्याची खूण पटवणं अवघड नाही. चौकटीवर दर्जाचा शिक्का हवा, माप मुलाचं हवं, नग एक किंवा दोन, आणि सोबत डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी. एवढ्या चार अटींतून व्यापारी माल कसा घुसेल? औषधांच्या बाबतीत चिठ्ठीवर विश्वास ठेवता, तर इथेही ठेवा.

दुसरा आक्षेप मला जास्त पटतो: परदेशातून आणायचाच कशाला, इथेच बनवा. अगदी कबूल! ज्या दिवशी मुलांच्या मापाचा, भारतीय शिक्क्याचा चष्मा राजूरच्या बाजारात मिळेल त्या दिवशी माझी मागणी मी मागे घेईन. पण त्यासाठीही बिननंबरच्या संरक्षक चष्म्यावरचा कर आधी ५ टक्क्यांवर आणायला हवा. मूल तोवर वाट पाहत थांबत नाही, दर वर्षी खळं लागतंच.

आणि एक गोष्ट मनाला लागते. परदेशातून येणारा प्रवासी ठरावीक किमतीपर्यंतचं सामान बिनशुल्क आणू शकतो. म्हणजे ज्याचं माणूस विमानाने येतं, त्याला तोच चष्मा फुकट पडतो. खाचरात राबणाऱ्या बाईचं कोण येणार विमानाने? माझी भाची होती म्हणून निभावलं.

तेव्हा परदेशातल्या आपल्या लेकरांना माझं सांगणं: गावाकडच्या मुलासाठी चष्मा पाठवाल तर खोक्यावर नुसतं 'गॉगल' लिहू नका. 'मुलांचा संरक्षक चष्मा, पॉलिकार्बोनेट' असं स्पष्ट लिहा, खरी किंमत लिहा, बिल आत ठेवा. सुट्टीला येणार असाल तर पिशवीत एक जास्तीचा घालून आणा. आणि इथल्या मंडळींनी आपापल्या खासदाराला एक पोस्टकार्ड टाकावं. मी माझं टाकलं आहे. त्यात एवढंच लिहिलं, की राखीच्या शेजारी या चष्म्याला जागा द्या.