वाळवंटात फिल्टरवर भिस्त नको

खिशात मावणारा फिल्टर घेतला की पाण्याची चिंता मिटली, असे समजून जैसलमेरच्या वाळूत तंबू ठोकायला निघणे धोक्याचे आहे. सह्याद्रीत हा हिशेब जमतो. गडावरच्या टाक्यातले पाणी गढूळ, शेवाळलेले असले तरी गोडे असते आणि चांगला फिल्टर त्यातले जिवाणू अडवतो. थरच्या वाळवंटात दुखणेच निराळे. तिथले भूजल बऱ्याच भागांत खारे आहे, आणि विरघळलेले क्षार ०.१ मायक्रॉनच्या छिद्रांतूनही पाण्याबरोबर सुखेनैव पार होतात. पाणी उकळले तर जंतू मरतात, पण वाफ निघून गेल्यावर उरलेले पाणी उलट अधिकच खारे होते. क्लोरीनची गोळीही इथे निरुपयोगी. खड्ड्यावर प्लास्टिक ताणून बाष्प धरण्याची युक्ती पुस्तकात शोभते. त्यातून दिवसाकाठी लिटरभर पाणीही मिळणे मुश्कील, आणि खड्डा खणताना घाम जातो तो वेगळाच.

थरच्या लोकांनी गोडे पाणी मिळवले ते खारे पाणी गाळून नव्हे, तर पावसाचे पाणी त्यात मिसळू न देऊन. काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर आहे. मुरलेला पाऊस त्यावर अडतो आणि ओल वाळूत टिकून राहते. तिथवर खणलेल्या अरुंद तोंडाच्या विहिरीत, म्हणजे कुईंत किंवा बेरीत, ती थेंबाथेंबाने झिरपते. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’मध्ये या कुईं-बेऱ्यांची सविस्तर नोंद केली आहे. अशा बेरीतून दिवसाला दोन-तीन घडे निघाले तरी खूप. अंगणातल्या टांक्यात पागोळ्यांचे पाणी साठवतात, तेही घरच्यांना पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचे असते. म्हणजे पर्यटकाला ‘सापडलेले’ पाणी बहुधा कुणाचे तरी मोजूनमापून ठेवलेले असते. मागितले तर कुणी नाही म्हणणार नाही. म्हणूनच ते गृहीत धरून बेत आखू नये.

पाणी जड असते, हा आक्षेप खराच. माणशी दिवसाला पाच लिटर धरले तरी दोघांचे तीन दिवसांचे ओझे तीस किलो होते. पण ते वाहायला उंट आहे, जीप आहे. तेही नको असेल तर मुक्काम एका रात्रीचा करावा. दोन-चार दिवस तिथले फ्लोराइडयुक्त भूजल प्यायल्याने काही होत नाही, असेही कुणी म्हणेल. तेही खरे, फ्लोराइडचा त्रास वर्षानुवर्षे पिणाऱ्या गावकऱ्यांना होतो. फार खारे पाणी मात्र त्याच दिवशी पोट बिघडवते आणि शरीरातले उरलेसुरले पाणीही काढून नेते. फिल्टर जरूर न्यावा, पण वाटेत चुकून लागलेल्या गोड्या पाण्यासाठी. परतीपर्यंतचे पाणी निघतानाच भरून घ्यावे.