स्पॅनर कोण धरणार?

१९ ऑगस्ट २००९ ला कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून 'म्हादेई' या शिडाच्या बोटीने एकटेच निघाले आणि १९ मे २०१० ला पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. गोव्यात बोट बनत होती तेव्हा ते स्वतः तिथे राबले होते. भर समुद्रात मेकॅनिक कुठून आणणार? तळाला शंखशिंपले चिकटले की वेग घटतो, खरवडा. टॉयलेटचा पंप तुंबला, तर आधी व्हॉल्व्ह बंद करून आपणच खोला, नाहीतर समुद्रच आत!

आणि आपण? हॉस्टेलचा फ्लश गळला की रजिस्टरमध्ये कम्प्लेंट लिहून महिनाभर नाक दाबतो. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये डिस्टिंक्शन, पण वॉशर बदलायची लाज! घाण आपली, मग हात नेहमी सफाईवाल्या काकांचेच का?