शिट्टीवाल्यांची मराठी शिदोरी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातले रस्ते पहाटेच जागे होतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीचे एकूण गुण 50. या पोरांना तयार करणारा माणूस बहुधा जवळपासचाच असतो: माजी सैनिक, शाळेतले क्रीडाशिक्षक, नाहीतर मागच्या भरतीत थोडक्यात हुकलेला तरुण. पदविका नसली तरी पोरं त्याला ‘सर’च म्हणतात.

काही आठवड्यांत नडग्या दुखायला लागतात. डांबरी रस्ता, झिजलेले बूट आणि एकदम वाढवलेलं अंतर. दम लवकर वाढतो. हाडाला नवा ताण पेलायला जास्त वेळ लागतो. अशा वेळी अंतर कमी करावं, मातीवर पळवावं, आठवड्यात विश्रांतीचे दिवस ठेवावेत. दुखणं नेमकं एका जागी बोट ठेवून दाखवता येत असेल तर हाडाला बारीक तडा असू शकतो. धावणं थांबवून डॉक्टर गाठावा. ‘सहन कर’ या एका सल्ल्यापायी पोराची अख्खी भरती हातची जाते.

हे ज्ञान आता कुलूपबंद नाही. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचे ऑनलाइन अभ्यासक्रम आहेत, फिफाचं प्रशिक्षण केंद्र फुटबॉलच्या सरावाचे व्हिडिओ मोफत दाखवतं, उत्तेजकांविरुद्ध काम करणाऱ्या ‘वाडा’ने प्रशिक्षकांसाठी धडे ठेवले आहेत. 2020 च्या टाळेबंदीत भारतीय क्रीडा प्राधिकरणानेही प्रशिक्षकांचे वर्ग ऑनलाइन घेतले. पण यातलं बहुतेक इंग्रजीत, थोडंफार हिंदीत. मराठीतलं विखुरलेलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत स्पर्धेच्या तारखा, निकाल आणि अभिनंदनाचे हार मिळतात. नडगीचा प्रश्न त्या गर्दीत वाहून जातो.

असं ज्ञान सर्वांपर्यंत पोचवण्याचं काम मराठीला नवं नाही. बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले, 1936 ते 1949 या काळात. आखाड्यांत आणि तालमींत तोंडी चालत आलेली विद्या त्यांनी छापून सर्वांसाठी खुली केली. इंटरनेट नसताना एवढं झालं, ही गोष्ट आजच्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाला ठाऊक असायला हवी.

आणि भाषेने काय फरक पडतो, ते नाशिकच्या शैलजा जैन यांना विचारावं. इराणच्या महिला कबड्डी संघाला शिकवायला गेल्यावर त्यांनी खेळाडूंशी बोलण्यापुरती फारसी आत्मसात केली. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याच संघाने भारताला 27-24 असं हरवलं.

मग समुद्रपूरच्या सरांनी इंग्रजी उपशीर्षकं वाचत का बसावं? जिल्ह्यातच सेवाग्रामला 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. 1914 साली स्थापन झालेलं अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तर मैदानाचे शिक्षकच घडवतंय. तिथल्या डॉक्टरांनी आणि प्राध्यापकांनी तालुक्यांतल्या प्रशिक्षकांसाठी महिन्यातून एक संध्याकाळ ऑनलाइन द्यावी. प्रश्न सरांनी विचारावेत, उत्तरं मराठीत नोंदवून सर्वांसाठी खुली ठेवावीत. सरांकडेही देण्यासारखं पुष्कळ आहे: विदर्भाच्या उन्हाळ्यात सराव किती वाजता थांबवायचा, शेतीच्या कामावरून आलेल्या पोराला त्या दिवशी किती पळवायचं. तेही त्या नोंदीत यावं, सांगणाऱ्याच्या नावासकट.