दुरुस्तीचा हक्क आणि कोळ्याचे इंजिन

साधन ज्याच्या मालकीचे तो स्वतंत्र, असे समाजवादी चळवळ प्रथमपासून सांगत आली आहे. परंतु साधनाची मालकी म्हणजे केवळ खरेदीची पावती नव्हे. बंद पडलेले साधन ज्याला स्वतःच्या हाताने अगर शेजारच्या कारागिराच्या हाताने पुन्हा चालू करून घेता येते, तोच त्याचा खरा मालक होय. ज्याला प्रत्येक बिघाडासाठी विक्रेत्याच्या दारात जावे लागते, तो पैसे मोजूनही भाडेकरूच राहतो. हे सूत्र कसाला लावून पाहायचे असेल, तर वरळी, माहीम आणि कफ परेड येथील कोळीवाड्यांतल्या लहान होड्यांची इंजिने पाहावीत.

ट्रॉलरच्या पोटात डिझेलचे अवजड इंजिन कायमचे बसवलेले असते. किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या लहान होडीचे आउटबोर्ड इंजिन मात्र तिच्या मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेले असते आणि ते काढून दोन माणसांना उचलून नेता येते. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ साली अमेरिकेत अशा इंजिनांचा व्यवसाय सुरू केला. त्यांच्या नावाची इंजिने बनवणे मालक कंपनीने २०२० साली थांबवले. नफ्याचे गणित जुळेनासे झाले की कारखाना बंद होतो. ज्याच्या होडीवर ते इंजिन आहे, त्याला मात्र दुसऱ्या दिवशीही समुद्रावर जायचे असते. कारखान्याचे आयुष्य आणि यंत्राचे आयुष्य यांत जे अंतर पडते, ते दुरुस्ती करणारा कारागीर भरून काढतो.

त्याचे काम किती बारकाईचे आहे, हे समजून घेतले पाहिजे. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाचा पहिला शत्रू समुद्र. इंजिन थंड राखण्यासाठी खालचा पंप समुद्राचेच पाणी वर खेचतो आणि ते पाणी आतल्या वाटांत मिठाचे थर ठेवून जाते. म्हणून दिवसाचे काम आटोपल्यावर इंजिन गोड्या पाण्यावर काही मिनिटे चालवून धुवावे लागते. पंपातील रबरी इम्पेलर झिजला की बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार मंदावते. तिच्याकडे दुर्लक्ष करणाऱ्याचा पिस्टन जाम होतो. गिअरचे तेल दुधासारखे पांढुरके निघाले, तर सीलमधून पाणी शिरले असे समजावे. पेट्रोलात तेल कमी पडले तर यंत्र घासते, जास्त झाले तर प्लगवर काजळी धरते. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल पावसाळ्याच्या बंदीकाळात चिकट होऊन बारीक छिद्रे बुजवते. म्हणून होड्या शाकारताना तो रिकामा करून ठेवावा लागतो. अनेक जुन्या इंजिनांत पंख्याला एक लहानशी पिन असते. पंखा खडकावर आपटला की ती तुटते, आणि तुटावी म्हणूनच ती मऊ धातूची केलेली असते. ती तुटल्याने गिअर वाचतो. घाईत तिच्या जागी पोलादी खिळा ठोकला, तर पुढच्या धडकेत गिअरच मोडतो.

हे ज्ञान कारागिराच्या कानात आणि बोटांत असते. त्यावर केवळ पोट नव्हे, जीवही अवलंबून असतो. किनारी रस्त्याच्या पुलाखालून होड्या ने-आण करताना धोका होईल, म्हणून वरळीच्या मच्छीमारांनी खांबांमधील अंतर वाढवून मागितले. दीर्घ संघर्षानंतर २०२२-२३ मध्ये ते ६० मीटरऐवजी १२० मीटर करण्याचे प्रशासनाला मान्य करावे लागले. मच्छीमारांची मागणी याहून अधिक अंतराची होती. अशा वाटेवर ओहोटीच्या ओढीत इंजिन बंद पडले, तर होडी खांबावर आदळायला वेळ लागत नाही. पुलाचे खांब किती दूर असावेत, याची चर्चा झाली. होडीचे इंजिन चालू राहील याची व्यवस्था काय, हा प्रश्न मात्र प्रत्येक कुटुंबाचा खाजगी प्रश्न म्हणून सोडून दिला गेला.

वास्तविक मुंबईत दुरुस्तीची एक मोठी, अलिखित संस्था नांदत आली आहे. गिरगावजवळच्या ऑपेरा हाऊस परिसरात मोटारींचे सुटे भाग, नागदेवी स्ट्रीटवर यंत्रसामग्री व लोखंडी सामान, रे रोडच्या दारूखान्यात मोडीत निघालेल्या जहाजांचा माल, अशी तिची दुकाने. परळ-लालबागच्या कापड गिरण्यांतील फिटर आणि टर्नर हेही तिचेच सभासद होते. जुने माग दशकानुदशके चालत राहिले ते त्यांच्या कसबावर. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा त्यांच्या जमिनीच्या किमतीची चर्चा पुष्कळ झाली. त्या खात्यांत साठलेल्या कौशल्याची किंमत मात्र कोणत्याही ताळेबंदात आली नाही. ते कौशल्य माणसांबरोबर पांगले. किनाऱ्यावरच्या कारागिराच्या बाबतीत तीच चूक पुन्हा होऊ देता कामा नये.

या उपेक्षेचे मूळ अर्थशास्त्राच्या हिशेबात आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या लेखांकनात नवे इंजिन विकत घेतले तर ती भांडवलनिर्मिती ठरते. जुन्या इंजिनाची नेहमीची देखभाल हा केवळ चालू खर्च ठरतो. सरकारी योजनाही याच चष्म्यातून पाहतात. पारंपरिक होडीला इंजिन घेण्यासाठी अनुदान दिले जाते, कारण खरेदीचा आकडा अहवालात दाखवता येतो. तेच इंजिन आणखी दहा वर्षे चालवणाऱ्या दुरुस्तीला अहवालात रकाना नसतो. परिणामी हंगामाच्या मध्यास इंजिन बसले, की दलालाची उचल घ्यावी लागते आणि उचलीबरोबर मासळीचा भाव ठरवण्याचा अधिकारही त्याच्या हाती जातो. लालबागच्या बाजारात टोपली मांडणारी कोळीण घरचा व्यवहार सांभाळते. इम्पेलर आणि सील यांची किंमत शेवटी तिच्या टोपलीतूनच जाते.

गांधीजींनी हा प्रश्न फार पूर्वी नेमका ओळखला होता. अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ साली सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. चरख्याची किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, वेळोवेळी देखभाल केल्यास तो किमान २० वर्षे चालावा आणि देखभालीचा वार्षिक खर्च किमतीच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, अशा त्याच्या अटी होत्या. गांधींना यंत्रद्वेष्टा म्हणणाऱ्यांनी या अटी वाचाव्यात. यंत्राची परीक्षा केवळ वेगावर न करता त्याच्या आयुष्यावर आणि दुरुस्तीच्या खर्चावर करावी, हा विचार त्यांत आहे. डॉ. राममनोहर लोहियांचा छोट्या यंत्राचा आग्रहही याच वाटेवरचा. आज आयात होणाऱ्या आउटबोर्ड इंजिनाला ही कसोटी कोण लावतो?

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा तयार करण्यासाठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रे निवडली : शेतीची अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक साधने, घरगुती टिकाऊ वस्तू आणि मोटारगाड्या. त्याच वर्षी २४ डिसेंबरला या विषयाचे संकेतस्थळही सुरू झाले. मच्छीमाराचे इंजिन या चारांत स्वतंत्रपणे कुठेच नाही. पण २२ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. हा निर्णय केवळ घोषणा नसेल, तर कोळ्याचे इंजिन हे ट्रॅक्टरप्रमाणेच शेतीचे अवजार ठरते आणि पहिल्या क्षेत्रात त्याला हक्काने जागा मिळाली पाहिजे. अमेरिकेसारख्या भांडवलशाही देशातही कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतकऱ्यांना यंत्रदुरुस्तीचा हक्क देणारा कायदा केला. येथे मात्र कंपन्यांच्या सौजन्यावर भिस्त ठेवली जात आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो गंभीर आहे. जुने टू-स्ट्रोक इंजिन इंधनाचा मोठा भाग न जळताच बाहेर टाकते. त्याचे तेल ज्या पाण्यात उतरते, त्याच पाण्यावर कोळ्याचे जीवन आहे. तेव्हा प्रत्येक जुने इंजिन अमर करावे, असा हट्ट कोणी धरू नये. फोर-स्ट्रोक इंजिन इंधन वाचवते, हेही खरे. परंतु बदलाचा भार सर्वांत लहान होडीवर टाकता येणार नाही, आणि नवे इंजिन दुरुस्तीला बंदिस्त असेल, तर धुराबरोबर कोळ्याचे स्वातंत्र्यही जाईल. म्हणून जुन्या इंजिनांची निगा आणि नव्या इंजिनांची दुरुस्तीयोग्यता या दोन्ही मागण्या एकत्रच मांडल्या पाहिजेत.

या मागण्या अवघड नाहीत. अनुदानातून घेतलेल्या प्रत्येक इंजिनाचे सुटे भाग किमान पंधरा वर्षे जाहीर किमतीत मिळतील, अशी अट विक्रेत्यावर घालावी. इंजिनाची पुस्तिका मराठीत असावी. खरेदीला जसे अनुदान, तसे दुरुस्तीलाही मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत द्यावे. प्रत्येक बंदरावर एक सामायिक कर्मशाळा, एक लेथ आणि गोड्या पाण्याचा एक नळ असावा. तो नळ अनेक इंजिनांचे आयुष्य वाढवील. हाताने शिकलेल्या कारागिराला औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे आणि नव्या पिढीला शिकवण्यासाठी त्यालाच मानधनावर बोलवावे.

कार्यकर्त्यांनी या कामाला येत्या पावसाळ्यातच हात घालावा. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, इंजिने उघडलेली असतात आणि बोलायला माणसांना सवड असते. कोणते भाग मिळत नाहीत, कशाला किती पैसे पडले, उचल कोणाकडून घेतली, याची कोळीवाड्यागणिक नोंद करून ती सहकारी संस्थांच्या सभांत आणि विधानसभेपुढे मांडावी. मत्स्यव्यवसाय आता शेती ठरला आहे. त्या शेतीचा नांगर दुरुस्त करण्याचा हक्क मागताना कोणाच्या मेहेरबानीची वाट पाहण्याचे कारण नाही.