बालपणीचा नायक, उतारवयातील सोबत

घरातील वृद्धांच्या गोळ्यांच्या वेळा आपल्याला पाठ असतात. मात्र त्यांनी तरुणपणी कोणत्या खेळाडूवर जीव ओवाळून टाकला होता, हे किती घरांत ठाऊक असते? शुश्रूषेच्या दृष्टीने हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मुंबईचे क्रिकेट-इतिहासकार वसंत रायजी यांचे उदाहरण पाहावे. २६ जानेवारी १९२० हा त्यांचा जन्मदिवस. डिसेंबर १९३३ मध्ये भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना बॉम्बे जिमखान्यावर झाला, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते आणि भारताचे कर्णधार होते सी. के. नायुडू. पुढे रायजी प्रथम श्रेणीचे अवघे नऊ सामने खेळले आणि सनदी लेखापाल म्हणून स्थिरावले. परंतु खेळाचे वेड सुटले नाही. नायुडूंवर त्यांनी पुस्तक लिहिले, रणजी आणि व्हिक्टर ट्रम्पर यांच्यावरही लिहिले. जानेवारी २०२० मध्ये सचिन तेंडुलकर आणि स्टीव्ह वॉ त्यांच्या घरी गेले, ते शंभराव्या वाढदिवसानिमित्त. १३ जून २०२० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या दीर्घायुष्याचे श्रेय क्रिकेटला देणे योग्य नव्हे. पण एवढ्या वर्षांना या प्रेमाची सोबत लाभली, हे खरे.

नायुडूंचा जन्म नागपूरचा, १८९५ मधील. साठी ओलांडल्यावरही ते रणजी करंडकाच्या सामन्यात फलंदाजीस उतरले होते.

सेनगाव तालुक्यातील पुसेगावात बसून हे वाचणाऱ्यास जिमखाना दूरचा वाटेल. परंतु नायक खेड्यांतही पोहोचले. कोणाला ते बाळ ज. पंडित यांच्या मराठी समालोचनातून, रेडिओला कान लावून भेटले. कोणाच्या तालमीत खाशाबा जाधवांचे नाव आदराने घेतले गेले. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. कोणाचा नायक तर जत्रेच्या फडात नारळ जिंकणारा गावातलाच मल्ल असेल.

तो नायक शोधून काढावा. ‘आजोबा, तुमच्या वेळी फड कुठे भरायचा? तुम्ही कोणाच्या बाजूने असायचा?’ एवढे विचारून शांत बसावे. उत्तर सावकाश येते. घाई करू नये. आजींनाही विचारावे. फुगडी, लंगडी, खो-खो त्यांच्याही आठवणीत असतात, केवळ कोणी विचारलेले नसते.

स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला अलीकडचे आठवत नसले, तरी जुने बरेचदा आठवते. अशा वेळी परीक्षा घेतल्यासारखे ‘सांगा बरे, कोण जिंकले?’ असे विचारू नये. जुने छायाचित्र हाती द्यावे. साल चुकले तर चुकू द्यावे. दुरुस्ती केल्याने माणूस गप्प होतो. सामना लावूनही वृद्ध व्यक्ती लक्ष देत नसेल, तर कंटाळा आला असे गृहीत धरू नये. कान आणि डोळे तपासून घ्यावेत.

या प्रेमाला हालचालीचीही जोड द्यावी. पासष्टीनंतर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि तीन दिवस तोल व बळ राखणारे व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. नुसते ‘फिरायला जा’ म्हटल्याने पाऊल उचलत नाही. ‘पोरांचा खेळ पाहून येऊ’ म्हटले की उचलते. खुर्चीवर बसून नातवाकडे मऊ चेंडू टाकणे, भिंतीचा आधार घेऊन टाचा उचलणे, हाही व्यायामच होय. हृदयविकार, वारंवार चक्कर किंवा पडण्याचा इतिहास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. छातीत दुखले किंवा धाप लागली तर तत्काळ थांबावे. त्रास शमला नाही तर विलंब न करता रुग्णालय गाठावे.

शुश्रूषा करणाऱ्यांनाही यातून काही लाभते. दिवसभर ‘गोळी घेतली का, जेवलात का’ याच बोलण्यात नाते आटत जाते. सामन्याच्या वेळी समोर रुग्ण नसतो. आपल्या खेळाडूसाठी भांडणारा जुना रसिक असतो. त्याच्याशी आठवड्यातून एकदा तरी भेट घडावी.