'व्हर्टिगो': पडद्यावरची चक्कर आणि खरी चक्कर

आल्फ्रेड हिचकॉकचा 'व्हर्टिगो' (१९५८) काहींना संथ वाटतो. २०१२ साली 'साइट अँड साउंड'च्या समीक्षकांनी तो सर्वश्रेष्ठ ठरवला. मलाही तो आवडतो, पण नावामुळे गैरसमज होतो. जेम्स स्ट्युअर्टच्या नायकाचा मूळ त्रास म्हणजे उंचीची भीती. तळोज्यातल्या टॉवरच्या गॅलरीतून खाली पाहताना गरगरणे वेगळे आणि अंथरुणात कूस बदलताच खोली फिरणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात बहुधा आतल्या कानातले कॅल्शियमचे कण सरकलेले असतात. डोके ठराविक पद्धतीने फिरवून डॉक्टर ते जागेवर आणतात. त्यासाठी वर्षानुवर्षे गोळ्या खात राहू नका. मात्र चक्कर येताना बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसले किंवा हातपाय लुळे पडले, तर तो पक्षाघात असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.